विश्लेषण : जोडीदाराचा व्हिसा नाकारला, दाद कुठे आणि कशी मागायची?

लग्न होते, पंधरा दिवसांची रजा संपवून नवरा परत जातो आणि नवरी कागदपत्रांच्या मागे लागते. वॉर्ड कार्यालयातून विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट, क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, मुंबई-पुण्याला जाऊन बोटांचे ठसे. मग काही महिन्यांनी एक ईमेल येतो आणि त्यात दोन-तीन पानांचे इंग्रजी पत्र असते. घरातल्या कुणालाच ते नीट समजत नाही, पण शेवटचे वाक्य कळते : व्हिसा नाकारला आहे. त्यानंतर छत्रपती संभाजीनगरातल्या घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एजंट म्हणतो, ‘काही नाही, पुन्हा फाईल टाकू.’ नात्यातला कुणीतरी म्हणतो, ‘खंडपीठात जाऊ, आपल्या ओळखीचे वकील आहेत.’ पहिला सल्ला कधी बरोबर असतो, कधी घातक. दुसरा मात्र जवळजवळ नेहमीच चुकीचा.

औरंगाबाद खंडपीठात याचिका करता येते का?

परदेशी सरकारने नाकारलेल्या व्हिसासाठी नाही. आपल्या देशात कुणाला येऊ द्यायचे हा त्या त्या देशाचा अधिकार आहे आणि लंडन, वॉशिंग्टन किंवा ओटावाच्या अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय भारतातील कोणतेही न्यायालय फिरवू शकत नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे किंवा खासदारांकडे पत्र घेऊन गेल्यानेही निकाल बदलत नाही. त्यात मुदत तेवढी निघून जाते.

उलट दिशेने गोष्ट वेगळी आहे. परदेशी सून किंवा जावई भारतात राहायला येणार असेल आणि भारत सरकारने व्हिसा, मुदतवाढ किंवा ‘ओसीआय’ कार्ड नाकारले असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्याचा रस्ता असतो. जोडीदार म्हणून ओसीआय मागायचे तर विवाह नोंदवलेला हवा आणि अर्ज करण्याच्या लगेच आधी तो सलग दोन वर्षे टिकलेला हवा, ही नागरिकत्व कायद्यातील अट आहे. दोन वर्षे भरायच्या आत केलेला अर्ज फेटाळला गेला, तर त्यात अन्याय शोधण्यापेक्षा तारीख मोजलेली बरी.

मग पहिले पाऊल कोणते?

नकाराचे पत्र शांतपणे, ओळीओळीने वाचणे. ‘कारण काय दिले आहे’ याच्याइतकाच महत्त्वाचा भाग पत्राच्या शेवटी असतो : अपील करता येईल का, कुणाकडे आणि किती दिवसांत. बहुतेक घरांत हा भाग वाचलाच जात नाही. पत्र एजंटच्या ईमेलवर आलेले असते, तो फोनवर सारांश सांगतो आणि त्या सारांशात स्वतःची चूक कुणी सांगत नसते. अर्ज करतानाच स्वतःचा ईमेल पत्ता द्यावा, एवढी साधी काळजी घेतली तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

दुसरी गोष्ट, ‘जोडीदाराचा व्हिसा’ हा एकच प्रकार नसतो. नवरा तिथला नागरिक आहे, कायमचा रहिवासी आहे, नोकरीच्या व्हिसावर आहे की विद्यार्थी, यावर पत्नीचा व्हिसा कोणत्या नियमाखाली येतो हे ठरते आणि दाद मागण्याचा हक्क त्यावरच अवलंबून असतो.

ब्रिटनमध्ये काय करता येते?

ब्रिटनचा नागरिक किंवा तिथल्या कायम रहिवाशाची पत्नी (अथवा पती) म्हणून केलेला अर्ज हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काशी जोडलेला मानला जातो. म्हणून तो फेटाळला गेला तर साधारणपणे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. अर्जदार ब्रिटनबाहेर असेल तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांची मुदत असते. केवळ कागदांवर निकाल हवा असेल तर शुल्क ८० पौंड, सुनावणी हवी असेल तर १४० पौंड. सुनावणीला पत्नी जाऊ शकत नाही, कारण तिच्याकडे व्हिसाच नाही. तिथे असलेला नवरा साक्ष देतो आणि खरे वजन त्याच्या साक्षीला असते. अपिलात नवे पुरावेही देता येतात आणि न्यायाधीश परिस्थिती सुनावणीच्या दिवशी कशी आहे ते पाहतात.

नवरा ‘स्किल्ड वर्कर’ म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल तर मात्र असे अपील नाही. तिथे ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू’ मिळतो : मुदत तीच २८ दिवसांची, शुल्क ८० पौंड. पण यात त्याच खात्यातला दुसरा अधिकारी जुनीच फाईल तपासतो. अधिकाऱ्याने समोर असलेला कागद पाहिलाच नाही किंवा नियम चुकीचा लावला, तर याचा उपयोग. आपणच कागद जोडायला विसरलो असू तर नाही, कारण नवे पुरावे सहसा घेत नाहीत.

आणि काही नकारांना आव्हान देण्यासारखे काही नसतेच. १ जानेवारी २०२४ नंतर अभ्यासक्रम सुरू झालेल्या, वर्गात शिकून मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांना जोडीदार नेता येत नाही. संशोधनाच्या पदव्या आणि काही शिष्यवृत्त्या तेवढ्या वगळल्या आहेत. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्कर म्हणून नव्याने गेलेल्यांनाही हीच बंदी आहे. ‘आधी तू जा, मग सहा महिन्यांत वहिनींना पाठवू’ असे आश्वासन देऊन यानंतरही कुणी पैसे घेत असेल तर तो सरळ खोटे बोलत आहे.

पगाराची अट इतकी का गाजते?

कारण प्रेम, लग्न, घर सगळे मान्य असूनही त्यावर अर्ज पडतो. २०१२ मध्ये ब्रिटनने प्रायोजक जोडीदाराचे किमान वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंड ठरवले. ११ एप्रिल २०२४ पासून ते थेट २९,००० पौंड झाले. नोकरीतून उत्पन्न दाखवायचे तर सर्वसाधारण मार्ग म्हणजे त्याच नोकरीचे सहा महिन्यांचे पगारपत्रक आणि तेवढ्याच महिन्यांचे बँकेचे उतारे, आणि दोन्हीतले आकडे जुळलेले. नोकरी बदलून चारच महिने झालेले असताना घाईने केलेला अर्ज इथेच अडकतो. पगाराऐवजी निव्वळ बचतीवर अट पूर्ण करायची तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात. पत्नी इथे वाळूजच्या कंपनीत किंवा बँकेत चांगल्या पगारावर असली तरी तो पगार पहिल्या अर्जात धरला जात नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो.

या अटीला आव्हान दिले गेले नाही असे नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘एमएम (लेबनॉन)’ प्रकरणात किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली. मात्र मुलांच्या हिताकडे आणि उत्पन्नाच्या इतर विश्वासार्ह स्रोतांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असेही सुनावले. त्यानंतर नियमांत बदल झाला आणि अपवादात्मक परिस्थितीत दुसरे स्रोत पाहण्याची दारे किलकिली झाली. लहान मूल असेल, गंभीर आजारपण असेल, तर वकील याच निकालाचा आधार घेतात. निरोगी, निपत्य, नवविवाहित जोडप्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. गरिबाच्या लग्नाला श्रीमंताच्या लग्नापेक्षा कमी खरे मानणारा हा नियम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण अर्ज मताने मंजूर होत नाही.

अपील की नवा अर्ज?

इथे हिशेब करावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनबाहेरून जोडीदाराच्या अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड होते. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंडांप्रमाणे पहिल्या व्हिसासाठी ३,१०५ पौंड होतो. पौंडाला ११५ रुपये धरले तरी दोन्ही मिळून पावणेसहा लाखांच्या वर. नकार आला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, अर्जाचे शुल्क बुडते. म्हणजे प्रत्येक नव्या अर्जाला सव्वादोन लाखांच्या आसपास पाणी सोडावे लागते, तर अपिलाचे शुल्क १४० पौंड. फक्त आकडा पाहून अपील स्वस्त वाटते. पण अपिलाचा निकाल यायला बरेच महिने जातात आणि वकिलाची फी वेगळी.

नकाराचे कारण हातात धरूनच निवड करावी. क्षयरोगाचा दाखला मुदतबाह्य होता, इंग्रजीची परीक्षा मान्य नसलेल्या संस्थेची होती, एका महिन्याचे पगारपत्रक राहिले, अशी कारणे असतील तर चूक दुरुस्त करून नवा अर्ज करणे बहुधा लवकर संपते. पण पत्रात ‘हा विवाह खरा वाटत नाही’ किंवा ‘खोटी माहिती दिली’ असे लिहिले असेल, तर ते तसेच सोडून पुन्हा अर्ज करणे धोक्याचे. तो शेरा नोंदीत कायम राहतो आणि पुढचा प्रत्येक अधिकारी आधी तोच वाचतो. अशा शेऱ्याला अपिलातच उत्तर द्यावे. खोट्या कागदाचा ठपका तर फार महागात पडतो : कॅनडात पाच वर्षांची बंदी, ब्रिटनच्या नियमांत दहा वर्षांपर्यंतची आणि अमेरिकेत, सूट मिळाली नाही तर, आयुष्यभराची.

मधल्या काळात ‘टुरिस्ट व्हिसावर तरी जाऊन ये’ म्हणून केलेला अर्जही बहुतेकदा फेटाळला जातो. नवरा तिथे, संसार तिथे. ही बाई परत येईल कशावरून, असा अधिकाऱ्याचा साधा प्रश्न असतो.

अमेरिकेत अपील का नाही?

अमेरिकेत प्रकरण दोन टप्प्यांत चालते. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार आधी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे ‘आय-१३०’ अर्ज करतो. तो फेटाळला गेला तर बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे ३० दिवसांत अपील करता येते. पण तो मंजूर होऊन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत झाली आणि तिथे अधिकाऱ्याने नाही म्हटले, तर त्याच्यावर अपील नाही. न्यायालयेही अशा निर्णयांत सहसा हात घालत नाहीत.

जून २०२४ मध्ये ‘मुनोझ’ प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केले. लॉस एंजेलिसच्या सँड्रा मुनोझ या स्वतः नागरी हक्कांच्या वकील. त्यांच्या साल्वादोरी पतीचा व्हिसा टोळीशी संबंध असल्याच्या संशयावरून नाकारला गेला होता. अंगावरच्या गोंदणाचा तो परिणाम, असे दाम्पत्याचे म्हणणे. परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा नागरिकाला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सोटोमायर यांच्यासह तिघींनी विरोधी मत नोंदवले. एका अमेरिकन वकील महिलेची ही गत, तर सिडकोतल्या सुनेने कुणाच्या भरवशावर राहायचे?

तरीही सगळे बंद नसते. हातात पडणाऱ्या कागदावर ‘२२१(जी)’ असेल तर तो बहुधा पूर्ण नकार नसतो. कागद किंवा तपासणी बाकी आहे असा त्याचा अर्थ. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत द्यावे लागतात, नाहीतर अर्ज निकाली निघतो. स्थलांतरित व्हिसा नाकारल्यावर वर्षाच्या आत नकाराचे कारण दूर करणारा पुरावा दिला तर नव्या शुल्काशिवाय फेरविचार होऊ शकतो. एच-वन-बी नोकरदाराच्या पत्नीचा एच-फोर नाकारला गेला तर अपील नाही, नवा अर्जच करावा लागतो.

कॅनडा आणि जर्मनी

कॅनडा या बाबतीत उदार आहे. तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराने बाहेरून प्रायोजित केलेला अर्ज फेटाळला, तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येते. मात्र ते पत्नीने नव्हे, प्रायोजक नवऱ्याने करायचे असते. नवरा-बायको दोघांची साक्ष होते, बायकोची बहुधा दूरस्थ पद्धतीने. अधिकाऱ्याने फाईलमध्ये काय टिपणे लिहिली हे पाच डॉलर भरून माहितीच्या कायद्याखाली मिळवता येते आणि अपिलाआधी ती टिपणे वाचलीच पाहिजेत. नोकरी करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणारे ‘ओपन वर्क परमिट’ हा वेगळा प्रकार. जानेवारी २०२५ पासून त्याचे निकष बरेच आवळले गेले आहेत. ते नाकारले तर फक्त फेडरल कोर्टाचा रस्ता उरतो.

जर्मनीत जाणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. पूर्वी दूतावासाकडेच विनामूल्य फेरविचार मागता येई. १ जुलै २०२५ पासून ही सोय जगभर बंद झाली. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा किंवा नवा अर्ज, एवढेच पर्याय आहेत. शेजारच्या घरातील कुणी दोन वर्षांपूर्वी फेरविचारावर व्हिसा मिळवला असेल, तर तो अनुभव आता उपयोगाचा नाही.

‘खरे लग्न’ म्हणजे काय?

या प्रश्नाशी आपला जुना वैताग आहे. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी लंडनला पोहोचलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी घेतली गेली. गवगवा झाल्यावर ती प्रथा थांबवावी लागली. पुढे १९९७ पर्यंत ब्रिटनमध्ये असा नियम होता की विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. ठरवून केलेल्या लग्नात हे सिद्ध करायचे म्हणजे नसलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा. कॅनडातही २०१५ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा एक कागद बाहेर आला. त्यात संशयाच्या खुणांमध्ये लग्नाच्या फोटोत ओठांवर चुंबन नसणे हीसुद्धा एक खूण होती. आपल्याकडे तसा फोटो निघाला असता तर आजीनेच लग्न थांबवले असते!

नियम बदलले, पण फाईल बघणाऱ्याला कांदेपोहे, बोलणी, साखरपुडा हा क्रम आपोआप कळत नाही. आपल्याकडचा सर्वांत जास्त अडचणीचा प्रकार म्हणजे व्हिसाच्या घाईने आधी कोर्ट मॅरेज आणि चार-सहा महिन्यांनी मांडव. दाखल्यावर एक तारीख, लग्नपत्रिकेवर दुसरी. नोंदणीनंतर मुलगी माहेरीच राहिलेली. नोंदणीच्या फोटोत चार माणसे, नंतरच्या अल्बममध्ये चारशे. बाहेरच्या अधिकाऱ्याला हे बनावट वाटू शकते आणि ते समजावून सांगण्याची जबाबदारी आपली असते. दोन्ही तारखांचे कारण सांगणारे साधे पत्र, दोन्हीकडच्या आईवडिलांचे निवेदन, पत्रिका, साखरपुड्याचे फोटो, पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि फोन-व्हॉट्सॲपचा तारखांसह इतिहास हे सारे फाईलला लावावे. फोन बदलताना गप्पा पुसून टाकू नयेत. त्या लाजिरवाण्या वाटल्या तरी पुरावा आहेत, आणि सगळ्या द्याव्या लागत नाहीत. ओघ दिसेल इतक्या पुरतात.

नाव आणि गाव

मराठी नावाची रचना हा आणखी एक घोळ. पदवीवर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, पासपोर्टवर माहेरचे आडनाव, आणि दाखल्यावर लग्नात बदललेले पहिले नाव. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणे बंधनकारक नाही. व्हिसा मिळेपर्यंत ते बदलू नये, असाच आमचा सल्ला. बदलले असेल तर सगळीकडे बदलावे आणि राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे.

त्यात आपल्या शहराचे नाव. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या संमतीनंतर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. आता जन्मदाखला औरंगाबादचा आणि विवाहाचा दाखला छत्रपती संभाजीनगरचा, हे घरोघरी आहे. शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, ऑनलाइन अर्जात चुकून ते निवडले जाऊ शकते. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि ‘ही दोन्ही नावे एकाच शहराची आहेत’ हे एक वाक्य फाईलमध्ये असले की पुरे.

सल्ला कुणाचा घ्यावा?

ब्रिटन आणि कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला तिथला परवाना लागतो. परवानाधारकांची नावे तिथल्या नियामक संस्थांच्या संकेतस्थळांवर शोधता येतात. अमेरिकेतील खटल्यासाठी तिथला वकील लागतो. इथला एजंट फॉर्म भरून देईल, पण अपिलात तो तुमच्या बाजूने उभा राहू शकत नाही. नवऱ्याने तिथेच वकील गाठणे अधिक शहाणपणाचे, कारण साक्ष त्यालाच द्यायची आहे.

नकार खरंच आला आहे का?

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. परदेशी गेलेला नवरा ‘तुझा व्हिसा रिजेक्ट झाला’ एवढेच फोनवर सांगतो, वर्ष जाते, दुसरे जाते, आणि मुलगी सासर-माहेरच्या मध्ये अडकते. काही प्रकरणांत अर्ज कधी केलेलाच नसतो. हे ओळखणे अवघड नाही. या तिन्ही देशांत पत्नीच्या व्हिसासाठी तिच्या स्वतःच्या बोटांचे ठसे लागतात. ठसे देण्यासाठी तिला कधी कुठे बोलावलेच नसेल, तर नाकारण्यासारखा अर्ज पूर्णच झालेला नाही. आणि नकार आला असेल तर त्याचे पत्र अर्जदार म्हणून तिच्या नावाने असते. ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

अशा फसवणुकीसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष २००९ पासून आहे, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावरही तक्रार करता येते. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या २८७व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. कायदा अजून झालेला नाही. तोवर पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली ती राहते तिथल्या न्यायालयात करता येतो आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्जही. नवरा परदेशात आहे म्हणून हे थांबत नाही. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जावे. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना विवाहाचा दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, त्याच्या कंपनीचा पत्ता आणि झालेले फोन-संदेश सोबत न्यावेत.